मदत हवी आहे: सहावीला एका खडकाचा दुसरा खडक कसा होतो ते दाखवायचंय

खाडीकाठची_बाई
रत्नागिरी जिल्ह्यातली शाळा, सहावी, 28 मुलं, हातात दोन तासिका. खडकांचे तीन प्रकार मुलांना तोंडपाठ आहेत, पण एकाचा दुसरा होतो म्हणजे नेमकं काय, ते कळलेलं नाही. मेणाच्या खडूंचा प्रयोग घ्यावा म्हणते: कीस दाबला की स्तरित, गरम करून दाबला की रूपांतरित, वितळवला की अग्निजन्य. यातून काही चुकीचं डोक्यात बसेल का? दुसरं म्हणजे, इथे काळा दगड आणि जांभा सोडून मुलांना काही दिसत नाही. रूपांतरित खडकाचा नमुना कुठून आणू? आणि जांभा या तिघांत कुठे बसवू?

कातळकडा
प्रयोग घ्या, पण मधल्या पायरीवर लक्ष ठेवा. सगळी गडबड तिथेच होते.

चार-पाच मुलांचा गट, तीन रंगांचे दोन-दोन खडू. चौथा रंग घेतला की शेवटी सगळं तपकिरी होतं. खडू मेणाचेच हवेत. प्लास्टिकचे नीट वितळत नाहीत आणि ऑइल पेस्टल नुसते फासले जातात. शार्पनरने लांब भेंडोळी निघतात, ती एकमेकांत बसत नाहीत, म्हणून किसणी वापरा. ॲल्युमिनियम फॉइलच्या चौकोनावर रंगांचे थर लावा, घडी घाला, वर पाट ठेवून मुलाला त्यावर उभं करा. ही वडी सहज मोडली पाहिजे. मोडली नाही तर खोली फार तापली आहे.

आता तीच वडी फॉइलसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून साधारण 45 अंशांच्या, हाताला सोसेल अशा पाण्यात मिनिटभर धरा आणि पुन्हा दाबा. थर वाकतात, ताणले जातात, पण रंग वेगळे राहतात. उकळतं पाणी घेतलंत तर वडी सरळ वितळते आणि ‘रूपांतरित म्हणजे थोडा वितळलेला’ असं मुलं धरून बसतात. तसं नाही. रूपांतर घन अवस्थेतच होतं. वितळून पुन्हा गोठला की तो अग्निजन्य. वितळवण्याचं काम तुमच्याच हाती ठेवा: टिनचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून. थेट आचेवर मेण पेट घेतं.

एक गोष्ट मात्र खडू दाखवू शकत नाही. खऱ्या वाळूचा खडक नुसता दाबून होत नाही, कणांमध्ये चुना किंवा सिलिका साचून ते जोडले जावे लागतात. त्यासाठी तळाला भोकं पाडलेल्या कागदी कपात ओली वाळू भरून वरून पातळ केलेला फेव्हिकॉल ओता. थर दोन सेंटीमीटरच ठेवा, जाड केला तर आतून ओलाच राहतो.

दाबाचा परिणाम दाखवायला कणकेचा घट्ट गोळा करा, त्यात लांब बासमतीचे दाणे मळा आणि पाटाखाली दाबा. दाणे दाबाला आडवे वळतात. धारदार पातं वापरून गोळा उभा कापा. नाईस, शिस्ट या रूपांतरित खडकांत दिसणारे पट्टे बऱ्याच अंशी याच प्रकारचे. गोळा डब्यात घालून दाबू नका. बाजूला पसरायला जागा नसेल तर दाणे वळत नाहीत.

चुनखडी
नमुन्यांसाठी फरशीच्या दुकानात जा. शहाबादी फरशीचा तुकडा म्हणजे स्तरित चुनखडक, संगमरवराचा तुकडा म्हणजे चुनखडकाचंच रूपांतर. जोडी हाताशी आली की निम्मं काम झालं. शहाबादीची ताजी मोडलेली कड मंद दिसते, संगमरवराच्या कडेवर साखरेसारखे कण चमकतात. आतले कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडकाच्या मुख्य खनिजाचे, बारीक कण उष्णतेने पुन्हा वाढून मोठे झाले, म्हणून. दोन्हींवर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात, म्हणजे रूप बदललं पण खनिज तेच. पाटीचा तुकडा मिळाला तर तोही घ्या, तो शेलचा, म्हणजे चिखलापासून झालेल्या स्तरित खडकाचा, रूपांतरित खडक.

ओट्याच्या ‘काळ्या ग्रॅनाईट’पासून मात्र सावध. तो बहुधा ग्रॅनाईट नसतो, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. अग्निजन्यच, पण मुलांना पांढरे-गुलाबी ठिपके दाखवायला उपयोगाचा नाही.

खाडीकाठची_बाई
संगमरवर म्हणून आणलेल्या तुकड्यावर लिंबू टाकलं, काही झालं नाही. उलट खडीतल्या एका काळ्या दगडावर बुडबुडे आले!

चुनखडी
पहिल्या तुकड्याची चकाकी खिळ्याने खरवडून थोडी पूड करा आणि तिच्यावर रस टाका. पुडीवर बुडबुडे आले तर डोलोमाइटी संगमरवर, तो अखंड असताना आंबट रसाला दाद देत नाही. तरीही शांत असेल तर ती विट्रिफाइड टाइल असेल. कड बघा, नक्षी फक्त वरच्या पातळ थरातच दिसेल. खडीच्या दगडात पोकळ्या असतात, त्यात पांढरं कॅल्साइट भरलेलं असतं, बुडबुडे त्याचे. शेजारचं झिओलाइट हे दुसरं खनिजही पांढरंच दिसतं, पण ते असं बुडबुडत नाही. थेंब काळ्या भागावर टाकून बघा.

कातळकडा
जांभ्याबद्दल. तो तिन्ही चौकटींत नीट बसत नाही आणि तसंच सांगावं. परीक्षेपुरतं पुस्तकातलं वर्गीकरण लिहू द्या. बेसाल्टवर, म्हणजे तुमच्या काळ्या दगडावर, उष्ण हवा आणि भरपूर पावसाचा मारा होऊन सिलिका, चुना, सोडा धुऊन गेले आणि लोह-ॲल्युमिनियम जागेवर उरलं, तो जांभा. तो वाहून येऊन साचलेला नाही, म्हणून नेहमीसारखा स्तरित नाही. उष्णता-दाबाखालून गेला नाही, म्हणून रूपांतरित नाही. खडकचक्राच्या चित्रात बेसाल्टकडून गाळाकडे जाणाऱ्या बाणाच्या मधोमध एक थांबा काढा, तिथे जांभा लिहा. गावातल्या चिरेखाणीत नुकता काढलेला चिरा आणि जुन्या गडग्यातला चिरा खिळ्याने खरवडायला द्या: ताजा मऊ लागतो, उघड्यावर राहिलेला कठीण.

चक्राचे बाण एकाच दिशेने काढू नका. रूपांतरित खडक उघडा पडून झिजला की थेट गाळ होतो, स्तरित गाडला जाण्याआधीच पुन्हा झिजतो. आपला बेसाल्ट 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा, अजून वितळायला गेलेला नाही. किनाऱ्यावर काही ठिकाणी करल मिळतो, शिंपले आणि वाळू चुन्याने जोडून झालेला. तो लिंबाला बुडबुडतो आणि त्यातले शिंपले ओळखू येतात, म्हणून स्तरितासाठी तोच आणा. रूपांतरित खडक जागेवर बघायचा तर सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडीकडे जावं लागेल. सहलीच्या यादीत घालून ठेवा.