शब्दचर्चा : ‘कर्ता पुरुष’ आहे, मग कर्ती बाई कुठे गेली?

प्रश्न, नौपाड्याहून

आमच्या सोसायटीतल्या एक काकू गेल्या. नवरा फार लवकर वारलेला. पोळीभाजी केंद्र चालवून त्यांनी दोन्ही मुलांची शिक्षणं केली, दिराच्या आजारपणाचा खर्चही उचलला. खाली लावायच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आलाय. काका असते तर ‘घरातील कर्ता पुरुष हरपला’ असं डोळे मिटून लिहिलं असतं. काकूंसाठी सगळे सुचवतायत ते ‘प्रेमळ’, ‘मायाळू’, ‘सोशिक’. सोशिक तर त्या नव्हत्याच! डब्याचे पैसे थकवणाऱ्याला त्याच्या दारात जाऊन सुनावत. ‘कर्ता’चं स्त्रीलिंग काय? आणि ते छापलं तर लोकांना कळेल का?

चरईहून

संस्कृतात ‘कर्त्री’, मराठीत ‘कर्ती’. ‘कर्ती’च लिहा.

पाचपाखाडीहून

वरचं उत्तर बरोबर आहे, आणि हा शब्द कुणी नव्याने घडवलेला नाही. ‘सून मोठी कर्ती आहे’, ‘लेक आता कर्तीसवरती झाली’ ही वाक्यं घराघरांत बोलली जातात. अडचण आहे ती अर्थाची. ‘मुलगा कर्ता झाला’ म्हटलं की तो कमवायला लागला, घराचा भार त्याने घेतला, असं आपण समजतो. ‘मुलगी कर्तीसवरती झाली’ म्हटलं की ती स्वयंपाकपाणी, आलंगेलं, सणवार एकटीने निभावते. शब्द तोच, पण स्त्रीलिंग होताना त्यातली कमाई गळून पडते. म्हणूनच ‘कर्ती’ हा शब्द तुमच्या फलकावर अपुरा वाटत असणार. तो अपुरा नाही, आपण तो अपुरा करून ठेवलाय.

पैशाचं काय होतं तेही बघा. माझी बहीण बँकेत आहे. घराचा हप्ता तिच्या खात्यातून जातो, पगारही मेहुण्यांपेक्षा जास्त. तिच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, “आमची सून घराला हातभार लावते हो.” त्या मनापासून कौतुक करतात, यात शंका नाही, पण हप्ता भरणं हा हातभार कसा? आणि मेहुण्यांनी रविवारी भाजी चिरली की त्याच तोंडाने, “आमचा मुलगा बायकोला मदत करतो.” म्हणजे तिने कमावलं तरी कमाई त्याचीच, तिचा हातभार; त्याने रांधलं तरी स्वयंपाक तिचाच, त्याची मदत. आपल्या मालकीचं काम कोणतं, हे दोघांनाही या दोन शब्दांनी आधीच ठरवून दिलेलं असतं.

‘कर्तबगार’ किंवा ‘कर्तृत्ववान’ कुणी सुचवलं तर मला ते इथे नको वाटतात. ते आठ मार्चच्या सत्काराचे शब्द झालेत, काहीतरी अचाट केल्यावर मिळणारे. रोज पहाटे उठून कणीक मळणं आणि महिनाअखेरीस वही मांडून उधारी वसूल करणं, याला ‘कर्ती’च हवं.

आता व्याकरण. ‘कर्ता’ इथे विशेषणासारखा चालतो, त्यामुळे सामान्यरूप दोन्हींचं एकच होतं: कर्त्या मुलाला, कर्त्या मुलीला. ‘कर्त्या स्त्रीच्या जाण्याने कुटुंब पोरकं झालं’ हे वाक्य शुद्ध आहे आणि कुणालाही कळेल. याहून आपलंसं हवं असेल तर ‘घरातलं कर्तं माणूस गेलं’ लिहा. माणूस मराठीत पुल्लिंगीही आहे आणि नपुंसकलिंगीही. ‘आपलं माणूस’, ‘घरचं माणूस’ म्हणताना बाई की बाप्या हे आपण विचारत नाही. तेच नपुंसकलिंग ‘बाईमाणूस एकटं कसं जाईल?’ मध्ये मात्र बाईला लहान करतं, हेही खरं. ‘कर्तं माणूस’मध्ये तसं होत नाही, कारण ‘कर्तं’ आधीच तिच्या बाजूने उभं आहे.

‘कुटुंबप्रमुख’ हाही पर्याय आहे, थोडा कचेरीतला. पण तिथे कायदा आपल्या बोलण्याच्या पुढे गेलाय: 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख धरली आहे. शिधापत्रिकेवर आईचं नाव पहिलं आणि दारावरच्या पाटीवर फक्त वडिलांचं, अशी किती घरं आपल्या जिन्यात आहेत ते एकदा बघा.

ऐरोलीहून

याच शब्दाची दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी घरात पाहिली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने बंद पडायला लागले तेव्हा त्यात माझ्या वडिलांचाही होता. त्यानंतर कित्येक महिने ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन वेळेवर बाहेर पडायचे. कुठे जायचे ते आम्ही कधी विचारलं नाही. आई शिलाई करायची, घर त्यावर चालायचं. नातेवाईक एकच वाक्य बोलायचे, “ते सध्या घरी बसलेत.” हे क्रियापद लक्षात घ्या. बाईबद्दल ‘ती घरीच असते’ म्हणतात, पुरुषाबद्दल ‘तो घरी बसलाय’. तिचं घरात असणं हा स्वभाव, त्याचं घरात असणं हा दोष. पगार थांबला त्या दिवशी माझ्या वडिलांकडून ‘कर्ता’ शब्द निघून गेला आणि त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. पुढे ते स्वयंपाक शिकले. उत्तम करायचे, भरली वांगी तर आईपेक्षा सरस. पण दाराची कडी वाजली की हातातला झारा खाली ठेवून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ हे ऐकायची भीती त्या हातात होती.

दिवाळे गावातून

आमच्या कोळीवाड्यात होडी पुरुषाची आणि बाजार बाईचा. म्हावरं विकून आलेला पैसा बाईच्या पिशवीत, बर्फवाल्याचे आणि टेम्पोवाल्याचे तीच देणार. नवऱ्याने तिच्याकडे खर्चाला मागितले तर कुणी हसत नाही. तरी गावकीच्या बैठकीला बोलावणं त्यालाच.

सानपाड्याहून

‘कर्ता’ हा नुसता बोलण्यातला शब्द नाही, आमच्याकडे तो सातबाऱ्यावर आहे. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ किंवा ‘ए. कु. क.’ दिसतं: एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. पुढे त्या जमिनींच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारसांची यादी करायची वेळ आली, तेव्हा त्या दोन-तीन अक्षरांमागे लपलेल्या बहिणी आठवल्या, त्याही हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून! माझ्या आत्याने सही केली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या उभ्या, हात पिठाचे होते म्हणून पदराला पुसून. “भावाशी कशाला वाईट व्हायचं,” एवढंच म्हणाली.

महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशभर तो 2005 मध्ये झाला. डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरली मुलगीही हिंदू एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते असं म्हटलं. ‘कर्ता’च म्हटलं बरं का. तिथे ‘कर्ती’ला अजून जागा मिळालेली नाही.

पाचपाखाडीहून, सानपाड्याच्या प्रतिसादाला

फार मोलाचं लिहिलंत. आत्यांनी केलेली सही हा ‘सोशिक’ या शब्दाचा खरा अर्थ आहे, आणि म्हणूनच तो फलकावर कौतुकाने लिहू नये असं मला वाटतं.

एक कामाची गोष्ट. ज्यांच्या उताऱ्यावर आजही ‘ए. कु. मॅ.’ आहे, त्यांना ती नोंद कमी करून सगळ्या वारसांची नावं लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करता येतो. हक्कसोडाचा कागद कुणी पुढे करण्याआधी तो अर्ज करा, आणि त्यात बहिणींची नावं भावांच्या खाली नको, वयाच्या क्रमाने लिहा.