नानांच्या प्रोस्टेटसाठी एम्बोलायझेशन करावे का? अनुभव हवे आहेत

नमस्कार. आमचे नाना ७२ वर्षांचे आहेत आणि पंचवटीत आमच्याजवळच राहतात. प्रोस्टेट वाढल्यामुळे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड ही औषधे दोन वर्षे चालू होती. तरी गेल्या महिन्यात एका रात्री लघवी पूर्ण अडली आणि तेव्हापासून कॅथेटर (लघवीची नळी) आहे. मध्यंतरी काढून पाहिला, पण संध्याकाळपर्यंत पुन्हा घालावा लागला. रोज पहाटे रामकुंडापर्यंत चालत जाणारा माणूस आता धोतराच्या आत पिशवी सांभाळत ओट्यावर बसून असतो, आणि कोणी ओळखीचे दिसले की आत निघून जातो.

सोनोग्राफीत प्रोस्टेट ९५ ग्रॅम आहे. युरोलॉजिस्ट शस्त्रक्रिया सुचवतात. परंतु आठ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या वर्षभर थांबवू नयेत, असे हृदयरोगतज्ज्ञांनी बजावले आहे. त्यामुळे प्रोस्टेटच्या धमन्यांचे एम्बोलायझेशन हा पर्याय पुढे आला. यात मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी प्रोस्टेटच्या धमन्यांपर्यंत नेऊन अर्ध्या मिलिमीटरच्या आतले कण सोडतात. रक्तपुरवठा कमी झाल्याने ग्रंथी काही आठवड्यांत हळूहळू आकसते. भूल त्या जागेपुरतीच लागते, हे आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे आकर्षण.

मात्र नानांचे क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे किडनी थोडी कमजोर आहे, आणि या उपचारात धमन्या एक्स-रेत दिसण्यासाठी रंगद्रव्य वापरावेच लागते, जे किडनीला त्रासदायक ठरू शकते. शिवाय म्हातारपणी धमन्या वेड्यावाकड्या आणि कडक झालेल्या असल्या, तर नळी दोन्ही बाजूंना पोहोचेलच असे नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०१८ मध्ये या उपचाराला मान्यता देताना रुग्णाची निवड युरोलॉजिस्ट आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (धमनीतून नळी घालून हा उपचार करणारे डॉक्टर) यांनी मिळून करावी असे म्हटले आहे. आमच्याकडे मात्र एकाचा कागद दुसऱ्याकडे मीच पोहोचवतो आहे.

कॅथेटर असलेल्या रुग्णावर हा उपचार झाला असल्यास कॅथेटर किती दिवसांनी निघाला? किडनी थोडी कमजोर असताना रंगद्रव्याबाबत डॉक्टरांनी कोणती काळजी घेतली? ही सोय नाशिकमध्ये कोणी घेतली आहे, की मुंबई-पुण्यालाच जावे लागले? की कॅथेटर सांभाळत उरलेले चार महिने काढून मग लेझरने शस्त्रक्रिया करणे शहाणपणाचे? जंतुसंसर्ग एकदा होऊन गेला आहे, म्हणून थांबण्याची भीतीही वाटते. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट हाताशी आहेत. आणखी काही आकडे लागत असल्यास विचारावे, लगेच कळवीन.