अनुभव धागा: एडमंटनच्या आइस हॉकी टीमचा, म्हणजे ऑयलर्सचा, २०२३-२४ चा सीझन. तुम्ही कुठे होतात?

नॉर्थसाइडचा_नाना
गॅरेज आवरायला घेतलं तर हिवाळी टायरांच्या मागे गाडीच्या खिडकीत अडकवायचा ऑयलर्सचा झेंडा निघाला. दांडी मोडलेली, नारिंगीचा पिवळट झालेला. बायको म्हणाली टाका तो. मी बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो आणि अख्खा सीझन डोक्यात फिरवून काढला. टायर अजून तिथेच आहेत.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. ऑक्टोबरात पहिल्याच मॅचला व्हँकुव्हरने ८-१ असं धुतलं. नोव्हेंबरात तळाशी लोळत पडलेल्या सॅन होजेकडूनही हरलो. मग सिएटलला जाऊन जिंकलो आणि दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, कोच वुडक्रॉफ्टच्या हाती नारळ! तोवर १३ मॅचेसमध्ये जेमतेम ३ जिंकलेल्या. त्याच्या जागी नोब्लॉक आला. आमचा कॅप्टन मॅक्डेव्हिड पोरगेला होता तेव्हा इरीच्या ज्युनियर टीममध्ये हाच त्याचा कोच, त्यामुळे ऑफिसात सगळे म्हणाले, कॅप्टनने आपला माणूस आणला. खरंखोटं देव जाणे, पण २१ डिसेंबर ते २७ जानेवारी पोरं सलग १६ मॅचेस जिंकली. विक्रम १७ चा, पिट्सबर्गचा, १९९२-९३ मधला. सतराव्या मॅचला वेगसमध्ये हरलो. हे म्हणजे अगदी आमचंच काम.

पुढे प्लेऑफ्स, म्हणजे बाद फेऱ्या, प्रत्येकीत ७ पैकी ४ मॅचेस जिंकायच्या. एल.ए., व्हँकुव्हर, डॅलस असे एकेक करून काढले आणि फायनलला फ्लोरिडा. ०-३ मागे. आवरा आता म्हणेपर्यंत ८-१, ५-३, ५-१ अशा तीन मारल्या. ३-३! आणि २४ जूनला सातव्या मॅचमध्ये २-१ ने गेलो.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा हार. पण त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. २०२४ चा विषय काढला की अजून लोक चहा थंड होऊ देतात. तुम्ही तेव्हा कुठे होतात, काय करत होतात ते लिहा. हॉकी कळत नसेल तरी चालेल.

मिलवुड्सची_माई
माझं १३ जानेवारी. बाहेर उणे ४० च्या खाली, दोन दिवसांवर संक्रांत, शेगडीवर गुळाचा पाक. ह्यांची टीव्हीवर माँट्रियलशी मॅच चालू. पाक वाटीतल्या पाण्यात टाकून बघत होते, गोळी होतच आली होती, तेवढ्यात घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. आल्बर्टाची वीज कमी पडतेय, गरज नसलेलं सगळं ताबडतोब बंद करा. आठवतोय ना?
सासरे उठले, भराभर दिवे घालवले, टीव्हीकडे हात नेला. हे आडवे. म्हणे, फ्रीज बंद करा, गीझर बंद करा, टीव्ही राहू दे. सासरे म्हणाले, इथे ग्रिड बसतंय आणि तुला चेंडू सुचतोय? (त्यांना ती पक, म्हणजे खेळातली काळी चकती, चेंडूच वाटते.) मी शेगडी बंद केली. अंधारात आम्ही चौघे आणि तो निळा उजेड. ओव्हरटाइममध्ये आपल्या बुशार्डने गोल मारला तेव्हा सासरेच आधी ओरडले.
लाडू वळलेच नाहीत. पाक कढईला असा धरला की सुरीने खरवडून खाल्ला.

कोथिंबीर_जुडी
माई, चिक्कीचा गूळ होता का? लाडवाला साधा गूळ घ्यायचा, पाकात चमचाभर तूप. मग थांबला तरी परत गरम करून वळता येतो.

मिलवुड्सची_माई
@कोथिंबीर_जुडी चिक्कीचाच होता गं. दुकानात तोच शिल्लक.

स्कार्बरोचा_सखा
नाना, तुमचं दुःख म्हणजे श्रीमंताघरचं दुःख. आम्ही टोरंटोचे लीफ्सवाले १९६७ पासून कपाची वाट बघतोय, फायनल म्हणजे काय ते आजोबांना विचारावं लागतं. १३ मे २०१३, बॉस्टनविरुद्ध सातवी मॅच, शेवटच्या पिरियडमध्ये ४-१ पुढे. माझ्या मित्राने पुढच्या फेरीची तिकिटं बघायला घेतली. त्यानंतरचं सांगत नाही. ५-४, ओव्हरटाइम. त्या मित्राला अजून कोणी तिकिटं काढू देत नाही, नाटकाचीसुद्धा नाही.

नॉर्थसाइडचा_नाना
😂😂 नाटकाचीसुद्धा!

वऱ्हाडी_स्टुडंट
मी तेव्हा रॉजर्स प्लेसमधे, ऑयलर्सच्या स्टेडियममधे, नाचोजच्या काउंटरवर होतो बे. पार्ट टाइम. लोकं म्हणायची तुझी मजा आहे, फुकटात मॅच. कायची मजा, बर्फ दिसतच नाही तिथून! समोर भिंत, वर एक टीव्ही, अन तो टीव्ही काही सेकंद मागे. म्हणजे आधी पायाखालची फरशी हादरायची, मागून गर्जना यायची, अन टीव्हीवर आपले प्लेअर अजून अर्ध्या मैदानातच. गोल होणार हे माहीत, कोण मारणार ते नाही. आम्ही काउंटरवर पैज लावायचो. हायमन म्हटलं की बहुतेक वेळा बरोबर यायचं, त्या सीझनला ५४ मारले त्याने.
डॅलसच्या सहाव्या मॅचला, म्हणजे जी जिंकून फायनलला गेलो, शेवटची मिनिटं एक गिऱ्हाईक नाही. चीजचा पंप धुवून टाकला, टोपी काढली अन आत जाऊन पायऱ्यांवर उभा राहिलो. सुपरवायझर शोधत आली. माझ्या बाजूलाच उभी राहिली. दोघंही काही बोललो नाही 😀
नंतर झाडायला लागलो तर खुर्च्यांखाली नुसते नारिंगी पोमपोम.

निवृत्त_खडकीकर
आमच्या काळी हॉकी म्हणजे हॉकी होती. गवत, उन्ह, आणि आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. या बर्फावरच्या प्रकाराला मी हॉकी मानत नाही, हे लेकीलाही स्पष्ट सांगितलेले आहे.
तरीही अनुभव मागितला आहे म्हणून लिहितो. ती सातवी मॅच आपल्याकडे २५ जूनला पहाटे साडेपाचला सुरू झाली. आदल्या रात्री वर्ल्ड कपात आपली ऑस्ट्रेलियाशी मॅच, रोहितच्या ९२ धावा, झोपायला मध्यरात्र उलटून गेली. पहाटे लेकीचा व्हिडिओ कॉल. तिने फोन त्यांच्या टीव्हीसमोर डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाली, बाबा बघा. मला टीव्ही अर्धा, जावईबापूंचे डोके अर्धे, आणि काळी टिकली अजिबात नाही. ती टिकली दिसते कुणाला? मी जावयाच्या मानेकडे बघून मॅच समजून घेतली. मान पुढे गेली की आपली बाजू चढाईवर. दोन्ही हात डोक्यावर गेले तेव्हा समजलो की फ्लोरिडाच्या राइनहार्टचा तो गोल झाला. (नाव नंतर कळले.)

माणिकमोती
काका 😂 पण ७ पैकी ४ हे मला कोणी सांगेल का. फायनल एकच असते ना?

नॉर्थसाइडचा_नाना
@माणिकमोती नाही. त्या वर्षी आधी ८२ मॅचेसचा नेहमीचा सीझन. मग १६ टीम्सच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीच दोन टीम्स भिडतात, ज्याच्या आधी ४ होतील तो पुढे. म्हणून ऑक्टोबरात सुरू झालेलं जूनपर्यंत चालतं. फायनलमध्ये ०-३ वरून कप जिंकलेली टीम आजवर एकच, १९४२ ची टोरंटो. म्हणून आम्ही एवढे वेडे झालो होतो.

स्कार्बरोचा_सखा
आमची टोरंटो. नोंद घ्यावी. 🙏

सनराइजचा_सावंत
मी शत्रुपक्षातला. फोर्ट लॉडरडेलजवळ राहतो, फ्लोरिडाच्या टीमचं, पॅन्थर्सचं, रिंक घरापासून जवळ. जूनमधे चड्डी-बनियनवर पार्किंगमध्ये पार्टी आणि आत गेलं की बायको शाल मागते.
आमच्याकडे जिंकल्यावर बर्फावर प्लॅस्टिकचे उंदीर फेकतात, खरंच. १९९५ मध्ये मेलनबी नावाच्या खेळाडूने ड्रेसिंग रूममधला उंदीर स्टिकने उडवला आणि त्याच रात्री दोन गोल मारले, तेव्हापासूनची प्रथा. मुलीने खिशात दोन लपवून नेले होते. एक फेकला, दुसरा आता गणपतीत मखरात असतो.
३-३ झालं तेव्हा आमच्या ऑफिसात कोणी जेवत नव्हतं. तुम्ही तर गमावायला काही नसल्यासारखे खेळत होतात, आमचे पाय लटपटत होते. ३-० वरून हरलो असतो तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

मिलवुड्सची_माई
मखरात!! बाप्पाचं वाहन तुमच्याकडे, मग आम्ही कुठून जिंकणार.

बो_नदीकाठी
कॅलगरीकर हजर. आम्ही नसतो तर तुम्ही पहिल्या १३ मध्ये ३ जिंकलात त्याच्या २ च झाल्या असत्या. २९ ऑक्टोबर, कॉमनवेल्थ स्टेडियम, उघड्यावर. अंगात दोन थर्मल, वर जॅकेट, त्यावर लाल जर्सी, म्हणजे मी पिंपासारखा. ५-२ हरलो. परतताना हायवे २ वर तीन तास गाडीत एकजण बोलला नाही, फक्त रेड डिअरला कॉफी हवी का एवढं. त्या रात्री वाटलं होतं, चला, निदान ऑयलर्सही गाळातच जाणार आहेत. जूनमधे तेच फायनलला. आमच्या बिल्डिंगमध्ये चोरून बघत होते लोक.

दुधावरची_साय
आमच्या ह्यांचं ऑयलर्सच्या ५०/५० लॉटरीचं वेड लिहिते. प्रत्येक मॅचला तिकीट. अर्धे पैसे जिंकणाऱ्याला, अर्धे चांगल्या कामाला. प्लेऑफ्समधे आकडा लाखांतून मिलियन्सवर. हे म्हणायचे, हरलो तरी दानधर्म झाला. क्रेडिट कार्डाचं बिल बघितल्यावर मी म्हटलं, एवढ्यात देवळाचं शिखर झालं असतं.

सरे_मधली_सई
आम्हाला बीसीत, म्हणजे शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात, बसून घेताच येत नाही ते. तिकीट घेताना आल्बर्टातच असावं लागतं. माझा भाऊ मुद्दाम जॅस्परला गेला तेव्हा घेऊन आला 🤦‍♀️

दुधावरची_साय
लागलं का काही?

सरे_मधली_सई
गाडीच्या काचेला खडा लागला.

आर्चखालचा_आप्पा
ऑयलर्सचा नाही, पण राहवत नाही. सेंट लुईस, २०१८-१९. जानेवारीच्या सुरुवातीला आमचे ब्लूज लीगमध्ये ३१ पैकी ३१ वे. कोच आधीच घालवलेला, बेरूबे हंगामी. मग बिनिंग्टन नावाचा चौथ्या नंबरचा गोलकीपर आणला, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. १२ जूनला बॉस्टनमध्ये जाऊन सातवी मॅच ४-१. टीम १९६७ पासून होती, कप पहिल्यांदाच.
आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ. मॅच संपल्यावर ते दारात आले, अंगावर झोपायचे कपडे, हातात स्वयंपाकघरातलं पातेलं. शिष्टपणे दहाएक वेळा वाजवलं आणि आत गेले. एरवी आमच्या दिवाळीच्या फुलबाज्यांवरही त्यांची नजर असायची. आणि ते ऐंशीच्या दशकातलं 'ग्लोरिया' गाणं, आमच्या टीमचं त्या वर्षीचं विजयगीत, उन्हाळाभर पेट्रोल पंपावरसुद्धा.
नाना, म्हणूनच मला तुमच्या नोव्हेंबरात अजिबात काळजी वाटली नव्हती. तळाशी असताना कोच बदललेली टीम धोकादायक.

नॉर्थसाइडचा_नाना
आप्पा, तेव्हा का नाही सांगितलंत? झोप लागली असती.

फिरकी_घे
मला हॉकी पंजाबीने शिकवली. रूममेट जालंधरचा, शनिवारी रात्री पंजाबी कॉमेंट्रीच लावायचा. हरनारायण सिंग, तोच ज्याने २०१६ च्या फायनलला पिट्सबर्गच्या बोनिनोचं नाव लागोपाठ एवढ्या वेळा ओरडलं की बातम्यांत आला. मला अजून ऑफसाइड, आयसिंग वगैरे इंग्रजीत ऐकलं की जरा फिकं वाटतं.
२४ जूनला सकाळी साडेआठला आपली ऑस्ट्रेलिया मॅच, संध्याकाळी सहाला ही. सोमवार. ऑफिसला सांगितलं पोट बिघडलंय. दुपारी जिंकलो, संध्याकाळी हरलो, आणि पोट खरंच बिघडलं. पाच दिवसांनी रोहितने कप उचलला तेव्हा रूममेट म्हणाला, चल यार, एक तर आला.

उन्हाची_तिरीप
मी त्या दिवशी रिंकबाहेरच्या चौकात होते, मॉस पिटमध्ये. आत जायची ऐपत नाही आणि घरी बसवेना. (जोई मॉस, टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये वर्षानुवर्षं काम करणारा, डाउन सिंड्रोम असलेला, सगळ्या शहराचा लाडका. २०२० मध्ये गेला. त्याच्या नावावरून हे नाव.)
लेक अडीच वर्षांची, खांद्यावर. शेजारी एक धिप्पाड माणूस, दाढी नारिंगी रंगवलेली. जॅनमार्कने १-१ केलं तेव्हा लेकीचा ज्यूसचा डबा उडाला, त्याने तो हवेतच पकडला. मग तिसऱ्या पिरियडभर तो डबा त्याच्या मुठीतच राहिला, परत द्यायचं त्याला सुचलं नाही, मागायचं मला सुचलं नाही. तिने रडायला हवं होतं पण तीही टक लावून.
संपलं तेव्हा लख्ख ऊन होतं, जूनमधे इथे अंधार कुठला. मॅक्डेव्हिडला प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडू जाहीर केलं, हरलेल्या टीमचा असून, ४२ पॉइंट्स. तो बाहेर आलाच नाही घ्यायला. चौकातले काही लोक त्यावर चिडले. मला मात्र ते फार बरोबर वाटलं. काय करायचंय ते भांडं घेऊन, पलीकडे दुसरे कप उचलत असताना?
दाढीवाल्याने मग डब्याकडे पाहिलं, सॉरी म्हणाला. ज्यूस पार चेपून गेला होता.

वऱ्हाडी_स्टुडंट
ताई त्या दिवशी मी बी तिथंच होतो, सुट्टी होती. स्टेजच्या डावीकडे.

उन्हाची_तिरीप
अरे मग बस-स्टॉपवर ढोकळा वाटणारा ग्रुप तुमचाच का?

वऱ्हाडी_स्टुडंट
नाही, ते गुजराती मंडळी. आम्ही खाणारे 😁

माणिकमोती
थोडं विषयांतर. हे सगळं वाचून मुलगा मागे लागलाय, सहा वर्षांचा. स्केट्स घ्यायचे तर बुटाच्याच मापाचे घेऊ की वाढत्या अंगाचे? माझ्या आईचं म्हणणं दोन नंबर मोठेच घे, शाळेच्या बुटांसारखे.

बो_नदीकाठी
अजिबात मोठे नकोत! स्केट बुटापेक्षा एक-दीड नंबर लहानच बसतो. मोठा घेतला की घोटा डुगडुगतो आणि पोरगं पहिल्याच दिवशी कंटाळतं. स्केट्स, पॅड्स जुने घेतले तरी चालतील, वर्षभरात पाय वाढतोच. हेल्मेट मात्र नवं घ्या, सीएसएचा, म्हणजे कॅनडातल्या सुरक्षा प्रमाणपत्राचा, स्टिकर बघून.

मिलवुड्सची_माई
आणि आत लोकरीचे जाड मोजे नकोत. एकच पातळ. आमच्या धाकट्याचे मागच्या सीझनचे स्केट्स पडून आहेत, त्याला बसतील बहुतेक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी देवळात आणते.