तैवानात राहायचं तर आपल्या कूलरच्या सवयी इकडंच ठेवून जा

आर्वीचा_शेतकरी:
माझा लहान भाऊ शिकायले तैवानच्या राजधानीत, तैपेईले गेला. जाताना गावात सगळे एकच म्हणून राहिले होते, अबे तू विदर्भातला, 46-47 डिग्री काढणारा, तुले 33 चं काय टेन्शन. मले हे बिलकुल पटत नाही. आपली गरमी कोरडी आहे. मे मधी पारा 44 वर जाते पण हवेत ओल 15 टक्केच्या आसपास, म्हणून कूलरमधी पाणी टाकलं, खसच्या ताट्या भिजवल्या का खोली 28-29 वर येते. तैपेईत जुलैमधी दुपारी 33-34 च असते पण ओल सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास, तिथं कूलर लावला तर पारा थोडाच उतरन आन् खोली अजून ओली होईन. ओला दुपट्टा गुंडाळणं, फरशीवर पाणी मारणं, सगळं तिथं उलटं पडते. म्हणून माझं म्हणणं, तिथं बाराही महिने आधी हवेतली ओल काढायची, थंडाव्याचं मागून पाहू. डीह्युमिडिफायर मिळते, हवेतलं पाणी ओढून खालच्या डब्यात जमा करते, ते पहिले घ्यावं.

धानवाला_गोंदिया:
नाही पटलं दादा. ओल काय तिकडंच आहे का? आमच्याकडं रोवणीच्या दिवसात बांधीत पाणी भरलेलं, हवा हलत नाही, बनियन पाठीले चिकटून राहते, तरी माणसं दिवसभर वाकून कामं करतेतच ना. पंखा पाहिजे फक्त. आन् पंखा तर तिथं आपल्यापेक्षा जास्त कामाचा. अंगाची कातडी 35 डिग्रीच्या आसपास असते, 33 ची हवा अंगावरून गेली का बरंच वाटन, आपल्याकडं मे मधी 45 ची हवा पंखा अंगावर फेकते ते भाजून काढते. एक-दोन आठवड्यात शरीर सवय करून घेते, घाम लवकर सुटाले लागते. शिकणाऱ्या पोराले मशिनीचा खर्च काऊन सांगता?

आर्वीचा_शेतकरी:
घाम सुटून काय फायदा भाऊ, तो सुकला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर 580 किलोकॅलरीच्या जवळपास उष्णता घेऊन जाते, नुसता टपकला तर काहीच नेत नाही. पंखा लागनच, त्याले ना नाही. पण पंखा ओल काढत नाही.

दर्यापूरची_लेक:
मी तैपेईतच राहते, नवऱ्याची नोकरी इथं आहे. तुम्ही दोघंही उन्हाळ्याचंच धरून बसले. मले विचाराल तर खरा त्रास हिवाळ्याचा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून समुद्रावरून वारा येतो आणि तैपेई आणि जवळच्या कीलुंग बंदराकडे झड लागते, आपल्या श्रावणासारखीच पण 14-15 डिग्रीत, आणि बहुतेक घरात गरम करायची काही सोय नसते. (दक्षिणेत काऊशुंगले हिवाळा कोरडा असते, त्यामुळं तैवान म्हणून सरसकट बोलू नका.) कपाटात लटकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते, बोटानं पुसली का भुकटी निघते आणि थोड्या दिवसात परत तशीच. पापड मऊ, बेसनाचे गोळे, जीन्स दोन-तीन दिवस वाळत नाही. एसीचा ड्राय मोड (ओल काढायचा) तेव्हा लावला तर खोली अजून गार होते. डीह्युमिडिफायर मात्र पाणी ओढताना निघालेली उष्णता खोलीतच सोडते, म्हणून हिवाळ्यात तेच बरं. आणि याच कारणानं उन्हाळ्यात ते एकटं लावून बसू नका दादा, खोली तापते, तेव्हा एसीच पाहिजे, एसी ओलही काढतेच. ओल 50 ते 60 टक्क्यांत ठेवायची, 70 च्या वर राहिली का बुरशी आलीच.

जुना_मास्तर_घाटंजी:
तुमची ही सगळी चर्चा मशीनवरच चालली आहे. दारंखिडक्या लावून कोंडून राहणं मला मान्य नाही. आमचं कवेलूचं घर होतं, गरम हवा वरच्या फटीतून निघून जायची. घर मोकळं ठेवा, हवा खेळू द्या.

दर्यापूरची_लेक:
काका, रात्री वारा असला तर उघडं ठेवतोच. पण थंडी संपताना एकदम गरम ओली हवा येते ना, तेव्हा गार फरशीले आणि भिंतीले पाणी सुटते, खिडकी उघडली का अजूनच. मे-जूनच्या पावसातही तेच, आणि तुफान आलं तर विचारूच नका.

धानवाला_गोंदिया:
हिवाळ्याचं ताई तुम्ही राहून सांगता तर बरोबर असन. पण उन्हाळ्याचं मी सोडत नाही. पातळ ढिले कपडे, गादीवर बांबूची चटई, पंखा. तिकडचे लोकही उन्हाळ्यात चटईवर झोपतेत असं ऐकलं.

दर्यापूरची_लेक:
झोपतात, पण एसी लावून.

आर्वीचा_शेतकरी:
भावाच्या खोलीत एसी घरमालकाचाच आहे, मग दिवाळीपर्यंत डीह्युमिडिफायर नको, पैसे जमव असं मी त्याले म्हणतो. पण झड लागायच्या आधी घ्यायचंच. आन् आईनं पापड-कुरड्या पाठवल्या आहेत, त्या आजच घट्ट झाकणाच्या डब्यात टाक म्हणून फोन करतो.

धानवाला_गोंदिया:
पंखा आधी घ्याले सांगा.