माळ्यावर सापडलेली काडतुसं: जिवंत केप काढून पुन्हा वापरता येते का?

गुहागरचा नातू (लालबाग)

नमस्कार मंडळी. गणपतीत गावी गेलो होतो, तेव्हा माळा आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत १२ बोरची १४ काडतुसं मिळाली. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता, वानर-डुकरांसाठी एकनळी बंदूक होती. एका निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा केली. पुढे आजोबा गेले आणि ती परत आणायला कोणी गेलंच नाही. काडतुसं तेवढी राहिली.

९ कागदी नळीची आहेत, दमट हवेने फुगलेली. ५ लाल प्लॅस्टिकची. सगळ्यांची पितळी बुडं हिरवी पडलीत. आजोबांची आठवण म्हणून ती बुडं घासून काचेच्या कपाटात ठेवावीत असं मनात आहे.

माझा चुलतभाऊ ह्यूस्टनला असतो. त्याला तिथे नेमबाजीचा नाद आहे, काडतुसं घरीच भरतो. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाला, नळी काप, छर्रे आणि दारू काढून घे, मग आतून खिळा लावून केप, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी छोटी टोपी, हळूच ठोक. शाबूत निघाली तर परत वापरता येते. गावच्या काकांकडे परवान्याची बंदूक आहे, केपा त्यांना द्याव्यात असा विचार आहे.

काडतुसं मी एसटीने मुंबईला आणलीत. सध्या बिस्किटांच्या डब्यात, ओट्याच्या वरच्या फळीवर आहेत. पक्कड आणि हॅक्सॉ घरात आहे. रविवारी बसणार होतो. त्याआधी कोणी जाणकार असेल तर काय काळजी घ्यायची ते सांगा.

मच्छीमार ७४

दोन दिवस पाण्यात भिजत घाला. केप मरते. मग बिनधास्त ठोका.

निवृत्त कामगार (मुलुंड)

लालबागकर, आधी तो डबा गॅसजवळून खाली घ्या. आपटू नका, हलवून वाजवून बघू नका. कोरड्या, थंड कोपऱ्यात, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवा आणि मग पुढचं वाचा.

मी ३१ वर्षं सरकारी दारूगोळा कारखान्यात काढली, त्यातली १८ केप भरण्याच्या खात्यात. काडतुसातले छर्रे म्हणजे नुसतं शिसं. दारू पेटायला ज्वाला लागते. केपेला ज्वाला लागत नाही, तिला ठोका पुरतो. ठोक्याने फुटावी एवढ्यासाठीच ती बनवलेली असते, आणि तुम्ही तिला ठोकून काढायला निघालात.

आतला मसाला म्हणजे लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड आणि थोडं टेट्रासीन. फार जुन्या केपांत पाऱ्याचं फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असायचं. रायफलच्या केपेत मसाला तांदळाच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाचा. एवढ्याशाने काय होणार असं वाटतं ना? दिवाळीत टिकल्यांची अख्खी डबी दगडाने एकदम फोडली असेल तर हाताला बसलेला झटका आठवा. केपेचा मसाला त्याहून कितीतरी जहाल, आणि तो धातूच्या वाटीत कोंडलेला असतो. वाटी फुटली की तिचेच कपचे उडतात.

आता खिळ्याचं सांगतो. १२ बोरची केप एकसंध नसते. बाहेर टोपीसारखा एक कप, त्याच्या आत छोटी वाटी, वाटीत मसाला आणि मसाल्याला टेकून ऐरण. ऐरण म्हणजे ज्याच्यावर मसाला चिरडतो तो टोकदार तुकडा. कपाच्या आतल्या टोकाला ज्वाला दारूपर्यंत जायला भोक ठेवलेलं असतं. तुम्ही नळीतून खिळा घातलात की तो नेमका त्या भोकात शिरणार. खिळ्यापुढे ऐरण, ऐरणीपुढे मसाला. बंदुकीची पिन बाहेरून करते तेच काम तुम्ही आतून करणार. बंदुकीत तो स्फोट पोलाद धरून ठेवतं. तुमच्याकडे धरायला बोटं. त्यात बूड हिरवं पडलंय, म्हणजे केप कळंकाने चिकटून बसलेली आहे, जोर जास्तच लावावा लागणार.

वर पाण्यात भिजवायला सांगितलंय, ते अजिबात करू नका. आमच्याकडे मसाला वाट्यांत भरला जायचा तो ओलाच, कारण ओला असेपर्यंत तो शांत असतो. मग दाबायचा, वार्निशने बंद करायचा आणि वाळवायचा. वाळला की जिवंत. म्हणजे पाण्याने केप झोपते, मरत नाही, आणि खिडकीतल्या उन्हात सुकली की पुन्हा जागी होते. वार्निश पाणी आत जाऊ देईलच असंही नाही. काही भिजतील, काही कोरड्या राहतील, आणि कुठली कोरडी ते बाहेरून कळणार नाही. रॉकेलचं, तेलाचंही तेच.

खात्यात शिरताना दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. नायलॉनचं कापड चालायचं नाही, सुती डगला घालायचा. नव्या पोराला पहिले काही दिवस पाय न घासता चालायला शिकवत. एवढं सगळं असून एकदा माझ्या शेजारच्या पाटावर तिरकी बसलेली केप एकाने लाकडी काडीने सरळ करायला घेतली. आवाज लवंगीएवढा आला. त्याच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक गेली होती आणि बरोबर मधोमध वाटीचा कण रुतलेला, बाजरीच्या दाण्याएवढा, तांबूस. बुबुळासमोर. तो चष्मा त्याने पुढे घरी देव्हाऱ्यात ठेवला होता. मी हातात घेऊन पाहिलाय.

समजा शाबूत निघाली. तरी ती काकांना देऊ नका. दाबाने ऐरण सरकलेली असते, मसाल्याच्या वडीला भेग गेलेली असते. अशी केप कधी फुटतच नाही आणि कधी उशिरा फुटते. घोडा पडला, आवाज नाही, म्हणून काकांनी लगेच बंदूक मोडून आत बघितलं आणि त्याच वेळी बार झाला तर काय? बार न झालेली बंदूक सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं. उतारवयात, रानात, अंधारात, समोर डुक्कर असताना किती जण थांबतात?

आणि कृपा करून घाबरून कचऱ्यात टाकू नका. आपला सुका कचरा बायाबापड्या हाताने निवडतात. खाडीतही नको.

पार्लेकर (टेक्सस)

मी मूळचा पार्ल्याचा, इथे ११ वर्षं रायफलची काडतुसं भरतोय. इथे ते कायदेशीर आहे, मुंबईत नाही, हे पहिल्यांदा सांगतो.

मुलुंडच्या काकांनी लिहिलंय ते खरं आहे. जिवंत केप काढायची वेळ इथे लोकांवर येते, पण ती वेगळ्या परिस्थितीत. केप आत्ताच बसवली, तिरकी गेली किंवा चुकीच्या जातीची बसली. केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, रिकामी, दारू नाही, गोळी नाही. केप नवी, डबीवर नाव असलेली. मग प्रेसमध्ये, म्हणजे काडतूस भरायच्या हातयंत्रात, केस धरून दांडा अगदी सावकाश दाबायचा. ठोका कुठेच नाही. डोळ्यावर गॉगल, कानाला संरक्षण, टेबलावरून दारू आणि बाकीच्या केपा उचललेल्या, एका वेळी एकच. हाताला जास्त अडथळा लागला की थांबायचं. हे करूनसुद्धा, केप बनवणारे आपल्या सूचनांत जिवंत केप काढू नका, बंदुकीत उडवून मग काढा असंच सांगतात. २०२० नंतर इथे केपांची भयंकर टंचाई झाली, भाव कितीतरी पट चढले, आणि तेव्हापासून काढलेली केप पुन्हा वापरायची सवय खूप जणांना लागली. मी काढलेल्या केपा फक्त कागदी लक्ष्यावर सरावाला वापरतो, शिकारीला कधीच नाही.

लष्करी केसमध्ये केपेभोवती पितळ चेपून घट्ट केलेलं असतं, तिथे मी हात लावत नाही. बर्डन जातीच्या केसमध्ये ऐरण केसचाच भाग असते, बुडाला मधलं एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोकं असतात, म्हणून आमची केप काढायची नेहमीची पिन तिथे चालतच नाही. बॉक्सर जातीत ऐरण केपेत असते. दोन्ही रचना १८६६ च्याच. बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, तरी अमेरिकेत बॉक्सर रुळली आणि युरोपात बर्डन.

सुट्या केपा बाटलीत भरूनही ठेवू नयेत. एक फुटली तर सगळ्या एकदम जातात. मूळ डबीत प्रत्येकीला वेगळा खळगा असतो तो त्याचसाठी.

तुमच्या चुलतभावाने फोनवर खिळा सुचवला ते मला वाचवत नाही. अनोळखी, हिरवी, बापजाद्यांच्या काळातली काडतुसं मी स्वतः माझ्या सगळ्या अवजारांनिशी उघडणार नाही.

वरळीची नेमबाज

कायद्याचं थोडक्यात लिहिते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे काडतूस जवळ ठेवायला परवाना लागतो. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागही येतात, त्यामुळे पुन्हा वापरायला ठेवलेली सुटी केप म्हणजे दारूगोळाच. काडतूस भरणं म्हणजे तयार करणं, त्याला कलम ५ खाली वेगळा परवाना. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला, तो वारसाकडे आपोआप येत नाही. अशा वेळी विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची सोय कलम २१ मध्ये आहे.

डबा घेऊन लोकलमध्ये किंवा बसमध्ये चढू नका. ठाण्यात आधी रिकाम्या हाताने जा, किंवा ११२ ला फोन करा, ते येऊन नेतील. आजोबांच्या परवान्याची जुनी प्रत आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा. साधा अर्ज लिहा: कुठे सापडली, कधी, किती. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

गुहागरचा नातू (लालबाग)

काका, तुमचं उत्तर वाचून रात्रीच डबा खाली घेतला आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवला. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. चार दिवस ती त्या फळीखालीच पोळ्या लाटत होती.

सकाळी ठाण्यात गेलो. मनात धाकधूक होती, पण ड्युटीवरच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दुपारी दोघे जण घरी आले. एकाने वर्तमानपत्र पसरून एकेक काडतूस आडवं ठेवलं, मोजलं, पंचनामा केला. १३ भरली. आमचा धीरच सुटला. ट्रंक गावाला होती, म्हणून तिथल्या काकांना फोन लावला, तर तळाच्या कागदाखाली एक राहिलं होतं. ते त्यांनी हात न लावता तसंच ठेवलंय आणि तिथल्या ठाण्यात कळवलंय.

पितळी बुडं मागितली नाहीत. आजोबांच्या परवान्याचं पुस्तक मात्र सापडलं. त्यात दर खरेदीची नोंद आहे, शेवटची १० काडतुसांची, खाली त्यांची मोडीसारखी वळणदार सही. तेच फ्रेम करायला टाकलंय, परळच्या दुकानात.

चुलतभावाला पूर्ण धागा वाचायला पाठवला. त्याचा रात्री फोन आला. त्याच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीत काढलेल्या केपा होत्या, दोनशेच्या वर. पार्लेकर, त्या आता कशा ठेवायच्या किंवा कुठे द्यायच्या ते त्याला तुमच्याकडून समजून घ्यायचंय. तो सध्या त्या खोलीत जात नाहीये.

पार्लेकर (टेक्सस)

बरं केलंत. त्याला सांगा, बरणी हलवू नकोस, उलटी करू नकोस, झाकण फिरवू नकोस. त्याच्या गावच्या अग्निशमन दलाच्या साध्या नंबरावर फोन करून नेमकं काय आणि किती आहे ते सांगू दे. मीही ह्यूस्टनजवळच आहे. त्याला माझा निरोप द्या, फोन करताना मी लाइनवर राहीन.