दात-हिरड्यांनी शरीराचं काही बिघडवलं किंवा सुधारलं? अनुभव लिहा

उंबरठा :
बाबांच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख ठरली, रक्ताची सोय झाली, आणि सर्जन म्हणाले, आधी दातांच्या डॉक्टरांचं पत्र आणा. बाबा भडकले. "छाती उघडायची तर तोंड कशाला उघडू?" तपासलं तर दोन दाढांच्या मुळाशी पू. दाढा काढल्या, कीटण काढलं, ऑपरेशन १५ दिवस पुढे गेलं. हिरड्यांतून रक्त येतं त्याच वाटेने तोंडातले जंतू आत शिरतात म्हणे, आणि कृत्रिम झडपेवर बसले की कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. आमच्या घरात दातांना इतका मान आजवर कधी मिळाला नव्हता. तुमच्याकडे असं काही घडलंय? लिहा. टूथपेस्टच्या जाहिराती नकोत.

गोडबोल्या :
डायबेटिस १२ वर्षं. थुंकीत लाल रेघ दिसायची, मी म्हणायचो ब्रश कडक आहे. मागच्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.१ टक्के आली. त्यानंतर हिरड्यांखालची सफाई केली, चार खेपा झाल्या. पुढच्या तपासणीत ८.३, गोळ्या त्याच. पण त्याच काळात बायकोने मला पहाटे चालायलाही हुसकलं होतं, म्हणून सगळं श्रेय हिरड्यांना देत नाही. डॉक्टर म्हणतात, हे दोन्हीकडून चालतं. साखर वाढली की हिरड्या सुजतात, आणि हिरड्या सुजल्या की साखर हट्टाला पेटते.

नात साताऱ्याची :
आमची आजी मशेरीवाली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका आणि आम्ही पोरं अंगणात. मग चुरून डबीत. विशीत दाढ दुखत होती म्हणून कुणीतरी चिमूटभर लावायला दिली. दाढ गेली, मशेरी राहिली. पुढे दिवसातून पाच-सहा वेळा. बोललं की उत्तर तयार : "दात घासते गं, व्यसन का हाय?" आणि ती लावल्याबिगर परसाकडला होत नाही, हे वर. खालच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा मलाच दिसला, चमच्याने औषध देताना. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं. मशेरी सोडली म्हणते. डबी मात्र उशाखालीच असते, आणि परवा तवा काळा होता.

नवी आई :
पाचव्या महिन्यात ब्रश केला की रक्त. घाबरून नुसत्या चुळा भरायला लागले, तर सूज दुप्पट! गरोदरपणात हिरड्या हळव्या होतात, तेव्हाच नीट घासायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दातवाली डॉक्टर :
रोज ऐकते ते एक वाक्य : "मॅडम, क्लीनिंग केलं आणि दात ढिले झाले." अहो, हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात लिंपून धरलेले असतात. ते निघालं की फटी दिसतात, एवढंच. आणि कीटण म्हणजे वेळेवर न घासलेला मऊ थरच, एक-दोन दिवसांत दगड व्हायला लागतो. रात्रीचा ब्रश चुकवू नका. फेस थुंका, वर तांब्याभर पाण्याने चुळा नकोत, फ्लोराइड सगळं वाहून जातं. लिंबू सरबत प्यायल्यावर अर्धा तास थांबून घासा.

रात्रपाळी :
आई अंथरुणाला खिळून दोन वर्षं. एका हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया. दुसऱ्या वेळी वॉर्डातल्या नर्सने विचारलं, तोंड कोण साफ करतं? कुणीच नाही. जेवण भरवायचो, पाणी पाजायचो, झालं. तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता वरची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतो, आईला टेकून बसवतो, खालचे सहा दात मऊ ब्रशने आणि हिरड्या बोटाला ओलं गॉज गुंडाळून पुसतो. आतापर्यंत दोनदा कडकडून चावलीय. डाव्या तर्जनीवर वण आहे.