स्लीपमधून उठवलं की पीसी मरतोय, एसएसडी टाकल्यापासून (सोलापूर)

टॉवेल_डिझायनर:
मंडळी जरा मदत करा, लांब लिहितोय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल अन् चादरीची जॅकार्डची डिझाईन करतो, पीसी कारखान्यातच असतो. जुनाच आहे, आय-५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, विंडोज १०. हार्डडिस्क लई रडायला लागली म्हणून पाडव्याला २५६ जीबीची साटा एसएसडी टाकली (चिपवाली डिस्क, हार्डडिस्कच्याच साटा केबलवर चालते ती), जुनं विंडोज तसंच क्लोन म्हणजे हुबेहूब कॉपी करून. स्पीड झकास, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

तर होतंय असं की दुपारी जेवायला घरी जाताना स्लीपला टाकतो, कारण डिझाईन उघडं असतंय, ग्राफ, कलर, दोन-चार रेफरन्स फोटो, ते सगळं परत मांडून बसायचं म्हणजे अर्धा तास गेला. परत येऊन बटण दाबलं की पंखा फिरतो, स्क्रीन येते, माऊस पण हलतो, जे समोर उघडं आहे ते दिसतंय, स्क्रोल पण होतंय, आणि नवीन काय उघडायला गेलो की गोल फिरत बसतंय आणि वीस-तीस सेकंदात सगळं गार. मग निळी स्क्रीन, 'कर्नल डेटा इनपेज एरर' का काय ते, आणि खाली ० टक्के, तिथंच अडकलेलं. रीस्टार्ट मारलं तर काळी स्क्रीन, म्हणे बूट डिव्हाईस सापडत नाही! काळजाचं पाणी होतं. पण मागचं बोर्डाचं बटण बंद करून दहा मोजून परत चालू केलं की जसं काही झालंच नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा होतंय. एकदाच असं झालं की अर्धा मिनिट अडकून आपोआप परत चालू झालं. पाच मिनिटं स्लीपला टाकून उठवलं तर कधीच होत नाही, तासभर झोपला की होतंय. दुकानवाला म्हणतो विंडोज परत टाकू, ५०० रुपये. टाकू का?

सातरस्ता_गेमर:
फॉर्मॅट मार बे सरळ, क्लोन केलेल्या विंडोजचं असंच असतंय. नाहीतर ऊन बघ बाहेर, ४३ चाललंय, पत्र्याच्या शेडमध्ये एसएसडी काय करणार बिचारी.

जुनंकपाट_रिपेअर:
गेमरभाऊ, उन्हाचं म्हणाल तर पीसी तासभर झोपून उठलाय म्हणजे ड्राईव्ह काम चालू असतानापेक्षा थंडच असणार. गरमीनं मरायचं असतं तर चारला मरला असता, सॉफ्टवेअर चालू असताना. आणि फॉर्मॅटचं औषध सगळ्यात शेवटी, आधी दुखणं काय ते तरी बघू.

डिझायनरसाहेब, तुम्ही जे लिहिलंय त्यात निम्मं उत्तर आहे. माऊस हलतो, उघडलेलं दिसतं, कारण ते सगळं रॅममध्ये आहे आणि स्लीपमध्ये रॅमला करंट चालूच असतो. नवीन काही मागितलं की विंडोज डिस्ककडे जातं आणि डिस्क उत्तरच देत नाही. इनपेज एररचा अर्थ तोच, पेज डिस्कवरून रॅममध्ये आणायचं होतं, आलं नाही. निळ्या स्क्रीनवर ० टक्क्याला अडकतंय कारण क्रॅशची फाईल ज्या डिस्कवर लिहायची तीच गायब आहे, लिहिणार कुठं? आणि रीस्टार्टला बूट डिव्हाईस नाही म्हणतंय कारण रीस्टार्टमध्ये ड्राईव्हचा करंट तुटत नाही, ड्राईव्हमधला कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी चिप, आहे तसाच हँग राहतो. मागचं बटण बंद केलं की करंट गेला, कंट्रोलर नव्यानं उठला. म्हणजे विंडोज वेडं झालेलं नाही, एसएसडी झोपेतून उठताना बेशुद्ध पडतेय.

तीन गोष्टी बघून सांगा. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप म्हणून फोल्डर आहे, क्रॅशच्या फाईली तिथं पडतात, त्यात काही आहे का. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टीम लॉगला १२९ नंबरची नोंद शोधा, पण मेलेल्या दिवसाची शोधू नका, ज्या दिवशी अर्धा मिनिट अडकून परत चालू झालं त्या दिवशीची शोधा, कारण बाकीच्या दिवशी नोंद लिहायला सुद्धा डिस्क नव्हती. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून सी७ ची ओळ बघा, सीआरसी एररचा आकडा, तो वाढत असेल तर केबल खराब. आकडे हेक्सामध्ये दिसतात, घाबरू नका.

तोवर स्लीप सोडा, हायबरनेट वापरा. पॉवर ऑप्शनमध्ये बटणांचं सेटिंग असतं तिथं टिक मारली की मेनूत येतं. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पीसी पूर्ण बंद होतो आणि उठताना बायोसपासून सुरुवात होते, म्हणजे एसएसडी ताजी उठते. डिझाईन आहे तसं उघडं मिळेल. आणि लाईट गेली तरी जात नाही, हा आपल्याकडं वरचा फायदा. डिझाईनचा बॅकअप आहे ना कुठं?

होटगीरोड_टॅली:
माझ्या लॅपटॉपला पण असंच होत होतं, स्लीपमधून उठला की अडकायचा. पॉवर ऑप्शन, ॲडव्हान्स्ड, पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट, ते 'ऑफ' केलं आणि थांबलं. मार्च एंडिंगला रिटर्न भरताना दोनदा टॅली गेलं होतं, रडायचीच बाकी होते.

जुनंकपाट_रिपेअर:
ताई तुमची एनव्हीएमई जातीची एसएसडी असणार, ती पीसीआयई वर, म्हणजे त्याच पीसीआय एक्सप्रेसवर बसते म्हणून ते सेटिंग लागू पडलं. ह्यांची साटा आहे, तिचा रस्ता वेगळा, तिथं ते ऑफ करून काही फरक पडणार नाही. नुकसान पण नाही म्हणा. आणि कोण लिनक्सवाला हे वाचत असेल तर एनव्हीएमई साठी तिथं कर्नलला डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी शून्य द्यायची असते, म्हणजे ड्राईव्ह खोल झोपेत जातच नाही.

टॉवेल_डिझायनर:
मिनीडंप फोल्डर रिकामं. इव्हेंटमध्ये कर्नल-पॉवर ४१ च्या (पीसी नीट बंद न होता गेल्याच्या) भरपूर नोंदी, सगळ्यांत बगचेक म्हणजे क्रॅशचा कोड ०. आणि १२९ सापडली!! त्याच अर्ध्या मिनिटाच्या दिवशीची, सोर्स स्टोरएएचसीआय, 'रीसेट टू डिव्हाईस' असं काहीतरी लिहिलंय. सी७ पूर्ण शून्य. हायबरनेट चार दिवस झाले वापरतोय, एकदाही मेला नाही. पण उठायला वेळ लागतो, स्लीपची सवय लागलीय ना.

बॅकअप पेनड्राईव्हवर आहे, सगळा नाही. आज करतो.

सातरस्ता_गेमर:
रॅम पण चेक करून घे.

जुनंकपाट_रिपेअर:
रॅम खराब असती तर हायबरनेटनं पण गोंधळ घातला असता, तीच रॅम डिस्कवर लिहून परत भरतोय की. आणि माऊस वीस सेकंद गुण्यागोविंदानं फिरला नसता.

१२९ म्हणजे विंडोजनं डिस्कला हाक मारली, उत्तर नाही आलं, शेवटी रीसेट मारलं. त्या दिवशी रीसेटनं उठली, बाकीच्या दिवशी नाही उठली. सी७ शून्य आहे म्हणजे केबलवर मला संशय कमी, तरी जुन्या हार्डडिस्कचीच केबल असेल तर साठ-सत्तर रुपयांची नवी घालून ठेवा.

आता खरं काय ते. साटाच्या लिंकला, म्हणजे बोर्ड अन् ड्राईव्हमधल्या जोडणीला, करंट वाचवायच्या दोन डुलक्या असतात, पार्शल आणि स्लंबर. पार्शलमधून १० मायक्रोसेकंदात उठायला पाहिजे, स्लंबरमधून १० मिलिसेकंदात. कधी झोपायचं हे कॉम्प्युटर ठरवत असेल तर ते एचआयपीएम, ड्राईव्ह स्वतः ठरवत असेल तर डीआयपीएम. पीसी स्लीपमधून उठला की लिंक नव्यानं जोडली जाते, ड्राईव्ह अजून डोळे चोळतोय तोवर परत डुलकीचा हुकूम, आणि काही स्वस्त कंट्रोलर, विशेषतः जुन्या बोर्डासोबत, तिथं गडबडतात. तुमच्याकडं नेमकं तेच आहे हे इथं बसून शपथेवर सांगत नाही, पण लक्षणं त्याच गावची आहेत. हार्डडिस्कला हे कळायचं नाही कारण तिला उठायलाच पाच-सात सेकंद लागतात आणि सगळे तिच्यासाठी थांबतात.

पॉवर ऑप्शनमध्ये हार्ड डिस्कच्या खाली 'एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट' अशी ओळ असते पण मायक्रोसॉफ्टनं ती लपवून ठेवलीय. पॉवरसीएफजी कमांडनं उघडी करायची, त्यात एक लांबलचक आकडा लागतो, तो त्याच नावानं नेटवर शोधला की मिळतो, हातानं टाइप करू नका, कॉपी करा. ओळ दिसली की 'ॲक्टिव्ह' निवडा, म्हणजे लिंक डुलकी घेणारच नाही. डेस्कटॉपला करंटचा फरक नगण्य. तिथंच 'टर्न ऑफ हार्ड डिस्क' २० मिनिटं असेल, मूळचं तेवढंच असतं, ते नंतर बघू.

ह्यानं नाही भागलं तर कंपनीच्या साईटवर फर्मवेअर, म्हणजे ड्राईव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, बघा. फर्मवेअरला हसू नका, क्रुशलची एम४ म्हणून लई खपलेली एसएसडी होती, तिच्यात ५१८४ तास चालल्यावर, म्हणजे २१६ दिवस भरल्यावर, दर तासाला क्रॅश व्हायचं. लोकांनी विंडोज टाकटाकून घेतलं असेल. २०१२ च्या जानेवारीत ०३०९ नावाचं फर्मवेअर आलं आणि संपलं.

पण एका वेळी एकच गोष्ट बदला.

विजापूरवेस_अण्णा:
मी वेगळंच विचारतो, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) कितीचा आहे? आमच्याकडं मागं ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन, म्हणजे स्लीपमध्ये करंट देणारी, मरायला आली होती, स्लीपमधून उठायचाच नाही. आणि तिथं लूमच्या लाईनवरच पीसी असेल तर अर्थिंग बघून घ्या.

जुनंकपाट_रिपेअर:
अण्णा बरोबर आहे, पण स्टँडबाय लाईन गेली की रॅममधलंच पुसलं जातं, मग उठल्यावर डिझाईन दिसणारच नाही, पीसी पहिल्यापासून सुरू होईल. ह्यांना डिझाईन दिसतंय. अर्थिंग मात्र बघाच, ते कुठल्याही रोगावर चालतं.

टॉवेल_डिझायनर:
नऊ दिवसांनी येतोय. एकदम ओके!! ओळ उघडी केली, एचआयपीएम होतं, ॲक्टिव्ह केलं, आणि त्याच संध्याकाळी फर्मवेअर पण टाकलं, केबल पण बदलली, साईटवर नवीन व्हर्जन दिसलं म्हटलं घेऊन टाकू. नऊ दिवस रोज दुपारी स्लीप, एकदाही नाही. तुमच्या पायाचा फोटो पाठवा, कारखान्यात लावतो.

जुनंकपाट_रिपेअर:
एका वेळी एकच म्हणालो होतो ना मालक. आता कशानं बरं झालं ते तुम्हाला पण माहीत नाही अन् मला पण नाही. उद्या विंडोजच्या अपडेटनं पॉवर सेटिंग मूळपदावर आलं तर परत इथंच येणार. आणि हे धागे पुढं कोणीतरी शोधत येतं, त्याला काय सांगायचं, तिन्ही करा? जमलं तर ते सेटिंग परत एचआयपीएम करून दोन-तीन दिवस चालवून बघा. केबल अन् फर्मवेअर राहू द्या.

सातरस्ता_गेमर:
चालू गाडीला कशाला हात लावतोस बे. चाललंय ना.

टॉवेल_डिझायनर:
गेमर तुझं पटत होतं, पण त्यांनी एवढं लिहिलंय म्हटल्यावर केलं. परवा एचआयपीएमवर टाकला. पहिल्या दिवशी काहीच नाही, मला वाटलं फर्मवेअरनंच बरं झालंय. आज दुपारी घरी गेलो, भाकरी-पिठलं जरा जास्तच झालं, डोळा लागला, दोन तासांनी आलो. बटण दाबलं, माऊस हलला, फोल्डर उघडायला गेलो, गोल फिरायला लागलं, आणि निळी स्क्रीन, ० टक्के. नवं फर्मवेअर, नवी केबल, सगळं असून.

म्हणजे ती ओळच. परत ॲक्टिव्ह करून ठेवलंय, आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय की अपडेट आल्यावर हे बघायचं.

फक्त सकाळपासून मोराची बॉर्डर काढत होतो चादरीची, ६० इंच पन्ह्याची, ती सेव्ह करायची राहिली होती. गेली.

जुनंकपाट_रिपेअर:
अरे मारायच्या दिवशी तरी सेव्ह करून जायचं की हो. सॉफ्टवेअरचं ऑटोसेव्हचं फोल्डर बघा, टेंपमध्ये काही पडलंय का. १२९ आली का आज?

टॉवेल_डिझायनर:
नाही आली. डिस्कच नव्हती की लिहायला 😄 ऑटोसेव्हमध्ये अकरा वाजेपर्यंतचं सापडलं, अर्धा मोर आहे.